रिपोर्ट सगळ्यांनी वाचला, गुडघा कुणी पाहिला?

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यात राहतो, द्राक्षबाग आहे. माझी मुलगी १९ वर्षांची. नाशिकला गंगापूर रोडला होस्टेलवर राहून बी.कॉम. करते आणि कॉलेजच्या संघातून खो-खो खेळते. तीन आठवड्यांपूर्वी सरावात हुलकावणी देताना तिचा उजवा पाय जागीच रोवला गेला आणि अंग वळलं. ‘कट्’ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. घरी आणल्यावर चार दिवस तेल लावून चोळून घेतलं. सूज उतरेना म्हणून नाशिकला एमआरआय काढला. मशीनमध्ये घाबरून ती दोनदा हलली. रिपोर्टमध्ये ‘एसीएल हाय ग्रेड पार्शल टेअर, मेडियल मेनिस्कस ग्रेड टू सिग्नल, बोन कन्ट्युजन, मॉडरेट इफ्यूजन, हालचालीमुळे काही प्रतिमा अस्पष्ट’ असं आहे. तो व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या एका सर्जनना पाठवला, ते म्हणाले याच आठवड्यात ऑपरेशन करून टाका. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं, अर्धवटच फाटलंय, पट्टा लावा, भरून येईल. माझे दीर म्हणतात, तीन टेस्लाच्या मोठ्या मशीनवर परत काढा, म्हणजे शंका नको. ती आता चालते, पण पाय पूर्ण सरळ होत नाही. रात्री गुडघ्याखाली उशी दिली की तिला झोप लागते. इकडे छाटणी सुरू आहे, हिच्या वडिलांना हलता येत नाही. त्यांचं वय ५४, त्यांचाही गुडघा वर्षभर दुखतोय. परत काढायचाच असेल तर दोघांचा सोबतच काढावा का?
— एक आई, निफाड तालुका

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, किती नीट लिहिलंय. रिपोर्टमधला शब्द न् शब्द उतरवलाय. दुसऱ्यांदा वाचताना मी एकच गोष्ट शोधत होतो आणि ती मला सापडली नाही. या तीन आठवड्यांत एक्स-रे झाला, तेल झालं, एमआरआय झाला, दोन डॉक्टरांची मतं झाली. पण तुमच्या लेकीला टेबलावर झोपवून, दोन्ही गुडघे उघडे करून, कुणी हाताने तपासल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. कदाचित पहिल्या दिवशी कुणी प्रयत्न केला असेल. पण त्या दिवशी गुडघा इतका फुगलेला आणि दुखरा असतो की मांडीचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि हाताला काही कळत नाही. त्यात पहिल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. खरी तपासणी होते ती दोन-तीन आठवड्यांनी, सूज थोडी उतरल्यावर. म्हणजे आत्ता. ती तेवढी राहून गेलीय.

ही तपासणी कशी असते ते सांगतो, म्हणजे ती झाली की नाही हे तुम्हालाच ओळखता येईल. पेशंट उताणा झोपतो. गुडघा जेमतेम २०-३० अंश वाकवायचा. डॉक्टर एका हाताने मांडी गुडघ्याच्या जरा वर घट्ट धरतात, दुसऱ्या हाताने नडगीचं हाड मागून धरतात, अंगठा पुढे, आणि नडगी हळूच पुढे ओढतात. चांगल्या गुडघ्यात ती किंचित पुढे येते आणि टक्कन थांबते, बांधलेली दोरी ताणली गेल्यावर थांबते तशी. लिगामेंट (म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी; तुमच्या रिपोर्टमधलं एसीएल हे गुडघ्याच्या आतलं असंच एक लिगामेंट) तुटलेलं असेल तर नडगी पुढे येतच राहते आणि थांबते ती मऊपणे, टक्कन नव्हे. आधी चांगला पाय तपासायचा आणि मग दुखरा, कारण काही मुलींचे सांधे जन्मतःच सैल असतात. तुलना तिच्याच दुसऱ्या पायाशी व्हायला हवी. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. या तपासणीला लॅखमन टेस्ट म्हणतात. १९७६ साली जोसेफ टॉर्ग या अमेरिकन सर्जननी ती प्रसिद्ध केली आणि आपले गुरू जॉन लॅखमन यांचं नाव तिला दिलं. तेव्हा गुडघ्याचा एमआरआय अस्तित्वातच नव्हता. आज तो गल्लोगल्ली आहे, तरी ही तपासणी कालबाह्य झालेली नाही. उलट एमआरआयचा अर्थ लावायचा तर हिच्याशिवाय लागत नाही.

मी एमआरआयच्या विरोधात नाही. तुमच्या मुलीचा काढला हे योग्यच झालं, माझ्याकडे आली असती तर मीही सांगितला असता. एक्स-रेत फक्त हाड दिसतं. लिगामेंट आणि गादी (रिपोर्टमधलं मेनिस्कस, गुडघ्याच्या दोन हाडांमधली कूर्चेची चकती) त्यात उमटतच नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे ‘गुडघा नॉर्मल’ असं कधी धरायचं नाही. (तो एक्स-रे मात्र जपून ठेवा. नडगीच्या बाहेरच्या कडेला हाडाची तांदळाएवढी बारीक टवकी उडालेली असेल तर ती एसीएल तुटल्याची जवळपास खात्रीची खूण असते. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जनने १८७९ साली ती नोंदवली, एक्स-रेचा शोध लागायच्याही आधी. घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून ती सहज सुटते.)

एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबक. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. त्या चुंबकात आपल्या शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू ठरावीक पद्धतीने वागायला लागतात, रेडिओलहरींनी त्यांना डिवचलं की ते उलट संकेत देतात आणि त्या संकेतांपासून चित्र तयार होतं. यात एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो. निरोगी लिगामेंटमध्ये मोकळं पाणी फारच कमी, म्हणून ते फिल्मवर काळ्या, ताणलेल्या दोरीसारखं दिसतं. ते फाटलं की तिथे रक्त आणि पाणी शिरतं आणि काळ्या दोरीच्या जागी पांढुरका, विस्कटलेला पुंजका दिसतो. एसीएल पूर्ण तुटलं असेल तर एमआरआय ते दहातल्या नऊहून अधिक वेळा बरोबर सांगतो. ही मोठी गोष्ट आहे.

पण तुमच्या रिपोर्टमध्ये ‘पूर्ण’ नाही, ‘पार्शल’ लिहिलंय. आणि एमआरआय जिथे सगळ्यात कच्चा पडतो ती जागा नेमकी हीच. चित्रं साधारण तीन-तीन मिलिमीटरच्या कापांची असतात, एसीएल गुडघ्यात तिरकं बसलेलं असतं, त्यामुळे ते पूर्ण असं मोजक्याच कापांत येतं. त्यात ताजी सूज, त्यात मुलगी हललेली. अशा वेळी ‘बरंचसं फाटलंय’ आणि ‘पूर्ण तुटलंय’ यातला फरक चित्रावरून छातीठोकपणे सांगणं अवघड असतं. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ‘काही प्रतिमा अस्पष्ट’ असं प्रामाणिकपणे नोंदवलंय, ती ओळ दुर्लक्षू नका. तुमच्या दोन सल्लागारांनी तोच एक शब्द घेतला. एकाने त्यातून ऑपरेशन काढलं आणि दुसऱ्याने पट्टा. खरा प्रश्न लिगामेंट किती टक्के फाटलं हा नाहीच. उरलेलं लिगामेंट नडगीला धरून ठेवतंय का, हा आहे. आणि ते चित्र सांगू शकत नाही, कारण चित्र काढताना पाय मशीनमध्ये निपचित पडलेला असतो. ते हातच सांगतो.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत दिंडोरीकडचा एक कबड्डीपटू आला होता, इजा होऊन पाच-सहा महिने झालेले. ओपीडीला गर्दी होती. मी फिल्म लाइटबॉक्सवर लावली, एसीएलची काळी रेघ खालपासून वरपर्यंत सलग दिसली, रिपोर्टही तसाच होता. मी म्हणालो, खेळ. गुडघा तपासला नाही. दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा गुडघा सटकून गादीही फाटली होती. नंतर दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा कळलं की एसीएल वरच्या बाजूने कधीच सुटलं होतं आणि त्याचं तोंड शेजारच्या पीसीएल या दुसऱ्या लिगामेंटला चिकटून भरलं होतं. चित्रात ते सलग दिसत होतं, काम मात्र शून्य करत होतं. असं होऊ शकतं हे पुस्तकात मी वाचलं होतं. दोन मिनिटं हात लावला असता तर त्या पोराची गादी वाचली असती. त्या दिवसापासून मी आधी गुडघा धरतो आणि मग पाकीट उघडतो.

आता रिपोर्टमधले बाकीचे शब्द. ‘बोन कन्ट्युजन’ वाचून घाबरू नका; तो हाडाला आतून बसलेला मुका मार आहे, फ्रॅक्चर नव्हे. तो कुठे आहे ते मात्र विचारा. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला आणि नडगीच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात, असा जोडीने असेल, तर नडगी क्षणभर पुढे निसटून दोन्ही हाडं एकमेकांवर आदळली होती असा त्याचा अर्थ. ‘कट्’ आवाज, काही तासांतच भरलेली सूज (म्हणजे सांध्यात रक्त) आणि अशी जोडीची खूण, हे तिन्ही एकत्र आलं की लिगामेंट ‘पार्शल’ राहिलं असेल यावर माझा तरी विश्वास कमी होतो. पण हे मी पत्रावरून बोलतोय, तिचा गुडघा न पाहता. माझ्या या वाक्यावर काही ठरवू नका. ‘ग्रेड टू सिग्नल’ म्हणजे गादी फाटलेली नाही. गादीच्या आत थोडा बदल दिसतोय, तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही, इतकंच. फाटलेली गादी म्हणतात ती ग्रेड थ्रीला. ‘इफ्यूजन’ म्हणजे सांध्यात साठलेलं पाणी किंवा रक्त.

आणि आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जिच्यापाशी मी थांबलो : पाय पूर्ण सरळ होत नाही. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण मला ती सगळ्या रिपोर्टपेक्षा महत्त्वाची वाटते. गुडघा सरळ न होण्याचं एक गंभीर कारण असतं : गादीचा मोठा तुकडा फाटून, बादलीच्या कडीसारखा उलटून, सांध्याच्या मध्ये अडकणं. तसं असेल तर महिनाभर थांबता येत नाही. तो तुकडा जागेवर बसवून शिवायचा तर लवकर हात घालावा लागतो. एमआरआय खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो इथे. तुमच्या रिपोर्टमध्ये असा तुकडा लिहिलेला नाही, ही दिलाशाची गोष्ट आहे. पण प्रतिमा अस्पष्ट आहेत, म्हणून जे डॉक्टर फिल्म बघतील त्यांना थेट विचारा, ‘गादीचा तुकडा अडकलेला नाही ना?’ तसा नसेल तर पाय सरळ न होण्याची कारणं साधी असतात : सूज, मांडीच्या मागच्या स्नायूंचं आखडणं, कधी लिगामेंटचा तुटका बुंधा मध्ये येणं. आणि ती उशी. तिच्याकडे शेवटी येतो.

तीन टेस्लाचं म्हणाल, तर आत्ता नको. दीड टेस्लाच्या चांगल्या मशीनवर नीट काढलेला एमआरआय गुडघ्याच्या लिगामेंटसाठी पुरेसा असतो. चित्र बिघडलंय ते ती हलल्यामुळे. हललेला पेशंट तीन टेस्लावरही अस्पष्टच येतो. आधी तपासणी होऊ द्या. गुडघा स्पष्ट सैल लागला तर दुसऱ्या एमआरआयने निर्णय बदलणार नाही, पैसे तेवढे जातील. तपासणीनंतरही डॉक्टरांना शंका राहिली, विशेषतः गादीबद्दल, तर त्याच सेंटरला फोन करून सांगा की अस्पष्ट आलेल्या तेवढ्या प्रतिमा परत घेऊन द्या. या वेळी तिला आधी समजावून सांगा : वीस-तीस मिनिटं लागतात, आत ठकठक, घरघर असा मोठा आवाज येतो, तो मशीनचाच असतो, कानाला लावायला देतात ते मागून घ्यायचं. गुडघ्याच्या एमआरआयला बहुतेक ठिकाणी पाय आधी आत जातात आणि डोकं मशीनच्या तोंडापाशी किंवा बाहेरच राहतं. एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते. शिरेतून औषध द्यायची लिगामेंटच्या तपासणीला सहसा गरज नसते. कुणी सुचवलं तर कशासाठी ते विचारा.

ऑपरेशन ‘याच आठवड्यात’ करू नका. सुजलेल्या, सरळ न होणाऱ्या गुडघ्यात नवं लिगामेंट बसवलं तर सांधा आखडून बसायचा धोका वाढतो. आधी सूज उतरवायची, पाय पूर्ण सरळ करून घ्यायचा, मांडीच्या पुढच्या स्नायूत ताकद आणायची. यात काही आठवडे जातात आणि ते वाया जात नाहीत. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या, एसीएल तुटलेल्या १२१ जणांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता आणि व्यायामवाल्या ५९ जणांपैकी २३ जणांनीच तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. तेव्हा आज नाही केलं तर पाय गेला, असं अजिबात नाही.

मात्र या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि तुमच्या लेकीला खो-खो खेळायचाय. खो-खो म्हणजे दर दोन पावलांना वळण, खांबाला वळसा, पाय रोवून हुलकावणी. सरळ रेषेत चालणं किंवा सायकल एसीएलशिवाय निभावते, खो-खो निभावत नाही. तपासणीत गुडघा सैल निघाला आणि तिला मैदानावर परतायचंच असेल, तर सूज उतरल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन हा योग्य मार्ग आहे आणि मी तो मोकळेपणाने सुचवेन. गुडघा घट्ट निघाला तर फिजिओथेरपी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. दोन्ही वाटांवर एक गोष्ट मात्र पक्की : सैल गुडघ्यावर ‘दुखत नाही ना, मग एक सामना खेळू’ असं होऊ द्यायचं नाही. एसीएल नवं बसवता येतं, गादी तशी सहज नवी मिळत नाही. ऑपरेशन झालंच तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने धरा. हे तिला आत्ताच सांगा आणि तिच्या प्रशिक्षकांनाही सांगा.

निर्णय तिच्यासमोर होऊ द्या. तिला पुढे खेळायचंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. दीर काय म्हणतात ते आहे.

डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्टचा फोटो नको. फिल्म, सीडी आणि एक्स-रे, तिन्ही पाकिटं न्या. आधी गुडघा तपासा आणि मग फिल्म बघा, असं नम्रपणे म्हणायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. खर्चाची चिंता असेल तर ज्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. ऑपरेशन योजनेत बसतं का आणि कोणती कागदपत्रं लागतील, हे तारीख घेण्याआधीच लेखी विचारून ठेवा.

तेल लावून चोळणं आजपासून बंद. आत रक्त साठलेल्या सांध्याला चोळल्याने सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, एवढं पुरे. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, दम लागला, पाऊल बधिर किंवा थंड पडलं, तर कुणालाही पत्र लिहीत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

तुमच्या यजमानांचा एमआरआय सोबत काढू नका. चोपन्नाव्या वर्षी, बागेत दिवसभर उकिडवं बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये काही ना काही निघणारच. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या ९९१ लोकांचे गुडघे असे तपासले होते (२००८). ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना गेल्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे चित्रात दिसलं ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही, आणि एकदा रिपोर्टवर ‘टेअर’ आलं की माणूस विनाकारण ऑपरेशनच्या रांगेत उभा राहतो. छाटणी आटोपली की त्यांना घेऊन या, उभं राहून काढलेला साधा एक्स-रे आणि गुडघ्याची हाताने तपासणी, इथून सुरुवात करू. गुडघा अडकत असेल किंवा एकदम सुजला तर मात्र छाटणीची वाट पाहू नका.

आता ती उशी. आईच्या मायेने तुम्ही ती दिलीत, आणि तिला बरं वाटतं हेही खरं, कारण सुजलेल्या सांध्याला वाकलेल्या अवस्थेत आराम पडतो. पण रात्रभर वाकलेला राहिलेला गुडघा सकाळी सरळ व्हायला नको म्हणतो, आणि असे तीन आठवडे झालेत. आज रात्री उशी गुडघ्याखालून काढा आणि टाचेखाली ठेवा. गुडघा अधांतरी राहील आणि पायाच्या वजनानेच हळूहळू खाली जाईल. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. तसं ठेवून तिला मांडी आवळायला सांगा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहादा. आतून काहीतरी अडल्यासारखं वाटलं, कडक थांबलं, तर जोर करू नका आणि तपासणी आणखी लवकर करून घ्या. नुसता ताण बसत असेल तर चालू द्या. रोज सकाळी तिला पलंगावर सपाट बसवून गुडघ्याच्या मागे तुमचा हात घाला आणि किती बोटं आत जातात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना तो कागदही न्या.